निवळीचा आकडा

बिडकीनच्या पानटपरीवर चुना सुकू नये म्हणून डब्यात वर थोडं पाणी ठेवतात. पाणी स्वच्छ, पण त्यावर सायीसारखा पापुद्रा. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं चुन्याला गाठलं की चुनखडी होते. पैठण रस्त्यालगतच्या काळ्या रानात सापडणाऱ्या खड्यांच्याच जातीची. पापुद्र्याखाली असते ती चुन्याची निवळी. किती देखणा शब्द! निवळीच्या झाडाची बी मडक्याला आतून घासून गढूळ पाणी निवळवत, तीही निवळीच. आभाळ निवळतं, डोकं निवळतं. ‘संपृक्त द्रावण’ म्हटलं की पुस्तक उघडतं. ‘निवळी’ म्हटलं की तळाशी बसलेला साका दिसतो, आणि साका उरलेला असणं हीच तर संपृक्ततेची खूण.

ही निवळी गाळून 25 मिलिलिटर घ्यावी, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकावेत आणि ब्युरेटमधून 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल सोडावं. साधारण साडेदहा मिलिलिटरला गुलाबी रंग जातो. म्हणजे हायड्रॉक्साइड 0.042 मोलर, कॅल्शियम त्याच्या निम्मं. पहिल्याचा वर्ग गुणिले दुसरं, 3.7 × 10⁻⁵. पुस्तकातला विद्राव्यता गुणाकार मात्र 5.5 × 10⁻⁶ च्या आसपास. जवळजवळ सातपट तफावत! इथेच रीडिंग खोडायचा मोह होतो, आणि तिथे हात आवरायलाच हवा. पुस्तकाचा आकडा आणायचा तर रीडिंग साडेपाचवर न्यावं लागेल. इतकी चूक ब्युरेट वाचताना होत नाही. शिवाय लिटरला सुमारे 1.6 ग्रॅम चुना विरघळतो, हे पुस्तकच सांगतं, आणि आपलं साडेदहा त्याच्याशी तंतोतंत जुळतं. फरक मोजण्यात नाही, मोजलेल्याच्या अर्थात आहे. दोन धनभारांच्या कॅल्शियमभोवती हायड्रॉक्साइडची गर्दी होते, काही आयन तर जोडीनंच राहतात. आम्ल सगळ्यांची शिरगणती करतं. स्थिरांक फक्त मोकळ्या हालचालीचा हिशेब धरतो. मग टायट्रेशन कशाला, असं कुणी विचारेल. कारण किती विरघळलं हे त्याशिवाय कळणार नाही, आणि ते कळल्याशिवाय आयनांची ही ओढ किती हेही कळणार नाही. तापमानाचा आक्षेप अधिक खरा आहे. चुना गरम पाण्यात कमी विरघळतो. मे महिन्यात बाटली तापली की निवळीतलाच थोडा चुना तळाला बसतो आणि रीडिंग उतरतं. निम्म्यावर येत नाही, पण उतरतं. म्हणून जर्नलमध्ये त्या दिवसाचं तापमान रीडिंगच्या शेजारीच, त्याच शाईनं लिहिलेलं हवं.