तळाकडून वाचताना

पाठचिकित्सा शिकवताना हस्तलिखिताच्या शेवटच्या पानाचे महत्त्व सांगावे लागते. चिनी मातीच्या शोभेच्या वस्तूही अशाच. त्या तळाकडून वाचाव्यात.

संग्रामपूरच्या घरातील फडताळात एक बोटभर हत्ती आहे. तळाशी ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का. महायुद्धानंतर, १९४५ ते १९५२ या काळात जपान दोस्तराष्ट्रांच्या ताब्यात होता. निर्यातीच्या मालावर हा शिक्का तेव्हाचाच. एका विशेषणाने कालनिश्चिती व्हावी, हे भाषेच्या अध्यापकाला सुखावणारेच! अर्थात बनावट शिक्केही निघतात. नखांचा रंग काढायच्या द्रवाने ते बहुधा पुसले जातात. आमचा टिकला.

तरीही मोल बेताचेच. असा माल तेव्हा अमाप निघाला, आणि आमच्या हत्तीची सोंड सांधलेली. डोळ्यांना न दिसणारा सांधा नखाला कळतो, आणि संग्राहक प्रथम तोच शोधतो.

वाटणीत या हत्तीवरून दोन्ही आत्यांत अबोला होता. मी सांधा दाखवला, तेव्हा थोरली म्हणाली, “माह्याच हातून फुटली होती रे सोंड. मायनं रात्री बसून चिकटवली.” धाकटीने काही न बोलता हत्ती तिच्याकडे सरकवला.