सशांचं चक्रवाढ व्याज

शेतकऱ्याच्या घरातलं प्रत्येक जनावर नोकरीला असतं. गाय दूध देते, कोंबडी अंडी देते, कुत्रं रात्रपाळी करतं आणि मांजरसुद्धा निदान उंदरांवर देखरेख ठेवल्याचं नाटक करतं. ससा मात्र बिनखात्याचा मंत्री. तो बसतो, नाक हलवतो आणि खातो.

असे मंत्री वाई तालुक्यातल्या आमच्या घरी आहेत, आणि तेही थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या राज्यात. दादा काडेपेटीतल्या काड्या मोजून ठेवणारा माणूस!

पुतणीनं बाजारातून एक जोडी आणली. "दोनच तर आहेत," वहिनी म्हणाल्या. आता मी पडलो बँकेतला कारकून. 'दोनच तर हप्ते थकलेत' हे वाक्य रोज ऐकणाऱ्याला 'दोनच तर'ची धास्ती वाटणारच. इटलीतल्या फिबोनाची नावाच्या गणितज्ञानं १२०२ साली आपल्या ग्रंथात हेच उदाहरण घातलंय. सशांची एक जोडी दर महिन्याला नवी जोडी देते, नवी जोडीही दोन महिन्यांची झाली की व्यायला लागते. तर वर्षअखेर जोड्या किती? उत्तर : ३७७. मी हे वहिनींना समजावून सांगितलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमचा तो फिबोनाची कधी गोठा झाडायला आला होता का?"

बरं, त्यानं एका वेताला दोनच पिल्लं धरली होती. खरी सशीण महिन्याभरात विते, पाच-सहा पिल्लं सहज देते आणि लगेच पुन्हा गाभण राहू शकते. आमच्या बँकेनं ठेवीवर कधी असं व्याज दिलेलं नाही. ऑस्ट्रेलियात १८५९ साली एका जमीनदारानं शिकारीच्या हौसेपायी दोन डझन ससे सोडले. पुढं त्यांच्या फौजेला अडवायला १९०१ ते १९०७ या काळात तीन हजार किलोमीटरांहून लांब कुंपण घालावं लागलं. आमच्याकडं कुंपण म्हणजे कोंबड्यांची जुनी जाळी.

पहिलं वेत झालं तेव्हा सशिणीनं आपल्याच पोटाचे केस उपटून पिल्लांना गादी केली. नंतर मात्र दिवसातून एखाद्या वेळी चार-पाच मिनिटं पाजायची आणि लांब जाऊन बसायची. "कसली ही आई!" वहिनी करवादल्या. तेव्हा दादा हळूच म्हणाला, "अगं, सारखी जवळ बसली तर मांजराला पत्ता लागेल."

हे दादाला कधी कळलं? तर त्याचं असं आहे, की ससे ठेवले होते गोठ्यात, बैलांच्या जागेवर. आदल्या वर्षी त्यानं बैलजोडी विकली होती. भाड्याचा ट्रॅक्टर दोन तासांत रान नांगरून देतो; बैल मात्र बारा महिने खातात. हिशेब चोख होता. फक्त दिवेलागणीला वैरण टाकायची हातांची सवय कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. बैल गेल्यावर दादा गोठ्याकडं पाठ करून ओट्यावर बसायचा. ससे आले आणि तो पुन्हा विळा घेऊन लसूणघास कापायला निघाला. सशांना ऊन सोसत नाही, म्हणून वैशाखात त्यांच्या खुराड्यांवर गोणपाट भिजवून टाकू लागला.

ससे बावीस झाले तेव्हा हायवेवरचा एक हॉटेलवाला आला. किलोवर भाव बोलला. दादानं बोटांवर हिशेब केला. आकडा चांगला होता. मग बोटं मिटून म्हणाला, "एकदा दावं सोडून दिलंय. पुन्हा नाही."

हॉटेलवाला गेला. संध्याकाळी दादानं फिबोनाचीला न सुचलेला उपाय केला : नर एका खुराड्यात, माद्या दुसऱ्या. चक्रवाढ बंद! काही पिल्लं पुतणीच्या मैत्रिणींकडं गेली. उरले चौदा.

"लेंडीखत मिळतं, वांग्यांना चांगलं," दादा आल्यागेल्याला सांगतो. मी ते खत पाहिलंय. त्यात चार वांगी पिकतील, पाचव्याला उधारी करावी लागेल. पण माझ्यासारख्यानं एवढं बारीक ऑडिट करू नये. दादा रोज संध्याकाळी गोठ्यात जातो, चौदा नाकं हललेली बघतो आणि पासबुक भरून आल्यासारखा जेवायला बसतो.