सूर्याचे स्फोट आणि वऱ्हाडचे ऊन

९ मे २०२४, अमरावती
सकाळी ग्रहणाचा चष्मा लावून गच्चीवरून सूर्य पाहिला. १३६६४ क्रमांकाचा डागांचा समूह दुर्बिणीशिवायही दिसतो. त्याच्या लांबीत पंधराएक पृथ्व्या ओळीने मावतील! सूर्याचा मधला पट्टा सुमारे २५ दिवसांत एक फेरी घेतो, ध्रुवांकडच्या भागाला महिन्याहून अधिक काळ लागतो. त्यामुळे चुंबकीय रेषांना दोरासारखा पीळ बसतो. पीळ फार वाढला की त्या तुटून नव्याने जुळतात आणि साठलेली ऊर्जा मिनिटांत मोकळी होते. हीच सौरज्वाला.

११ मे, अमरावती
काल, अक्षय्य तृतीयेला, पृथ्वीवर दोन दशकांतले सर्वांत तीव्र चुंबकीय वादळ सुरू झाले. ज्वालेचा प्रकाश आठ मिनिटांत पोचतो; सूर्याने फेकलेल्या आणि असे वादळ उठवणाऱ्या प्लाझ्माच्या ढगांना मात्र दीड-दोन दिवस लागतात. या वादळामुळे लडाखमधल्या हानलेचे आकाश रात्री लाल झाले होते.

१५ मे, अमरावती
काल त्याच डागातून एक्स ८.७ ची (एक्स म्हणजे सर्वांत तीव्र वर्ग) ज्वाला उसळली. वादळाच्या काळात अमेरिकेत ऐन पेरणीत ट्रॅक्टरांचे जीपीएस बिघडले. म्हणजे हा विषय शेतकऱ्याच्या बांधापर्यंत आला आहे. महाराष्ट्राचे त्याच्याशी नाते जुने आहे. २ सप्टेंबर १८५९ च्या महावादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट नोंदवली. ती नोंद आजही जगभर अभ्यासली जाते. आता सूर्याचा अभ्यास करणाऱ्या भारताच्या आदित्य-एल १ यानावर पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेने घडवलेली ‘सूट’ दुर्बीण आहे. २२ फेब्रुवारीची एक्स ६.३ ची ज्वाला तिने टिपली.

२६ मे, अकोला
पारा पंचेचाळिशीपार. उन्हामुळे जिल्ह्यात जमावबंदी लागू आहे. बसस्थानकावर एक काका म्हणाले, “सूर्यावर स्फोट झाले म्हन्तेत, म्हून एवढं तापून रायलं.” त्यांना म्हटलं, काका, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अकरा वर्षांच्या सौरचक्रात सूर्याचा एकूण प्रकाश जेमतेम हजारात एक भागाने बदलतो. इथली लाही वेगळ्या कारणांनी होते. या आठवड्यात दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो, आकाश निरभ्र असते, वायव्येचे कोरडे वारे वाहतात. स्फोटांचा धोका उपग्रह, वीजवाहिन्या आणि रेडिओ संदेशांना. उन्हाचा धोका शेतात राबणाऱ्या माणसाला.

असे गैरसमज दूर व्हावेत म्हणून शाळा उघडल्या की शिक्षकांनी मुलांकडून सूर्यडागांची रोज नोंद करवून घ्यावी. मात्र प्रमाणित ग्रहण-चष्म्याशिवाय कुणीही सूर्याकडे पाहू नये.