आधी बीळ, मग ओळख

चि. गौरी हिस,


ईराचा नवा हॅमस्टर दिवसभर दिसतच नाही, रात्री मात्र पिंजऱ्याचे गज कुरतडत बसतो, असं तू लिहिलं आहेस. त्याला लवकर माणसाळवायचं कसं, असंही विचारलं आहेस. माझ्या मते माणसाळवणं ही पुढची पायरी आहे आणि तिची घाई केली की पहिलीच पायरी निसटते. हा प्राणी नव्या जागेत रुळतो तो आपल्या सहवासाने नाही, तर जमिनीत खोल शिरून स्वतःचं घर करता आल्याने. तेवढी सोय आपण करायची आणि मग काही दिवस बाजूला व्हायचं. पिंजऱ्यातली खेळणी, रंगीत नळ्या, लाड हे सगळं त्यानंतरचं.

असं का म्हणतो, ते त्याच्या कुळावरून कळेल. ईराचा हॅमस्टर सोनेरी जातीचा आहे. ही जात मूळची सीरियातल्या अलेप्पोच्या परिसरातली आणि त्याला लागून असलेल्या दक्षिण तुर्कस्तानातली. १९३० साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल अहारोनी यांनी अलेप्पोजवळच्या एका शेतात खणून एक मादी आणि तिची अकरा पिल्लं बाहेर काढली. आज घरोघरी पाळले जाणारे जवळजवळ सगळे सोनेरी हॅमस्टर त्याच बिळातल्या पिल्लांचे वंशज मानले जातात. बिळातून काढल्यावर त्या आईने घाबरून आपलंच एक पिल्लू मारलं होतं. म्हणजे आजच्या पाळीव हॅमस्टरांच्या पूर्वजांची माणसाशी झालेली पहिली ओळखच बीळ उकरल्याची आहे. कुत्रा माणसाजवळ हजारो वर्षं राहिला आहे, याला अजून शंभर वर्षंही पुरी झालेली नाहीत. पुढे जर्मनीतल्या हाले विद्यापीठाच्या रॉल्फ गाटरमान यांनी सहकाऱ्यांसह मूळ प्रदेशात जाऊन रानटी हॅमस्टरांची बिळं मोजली. २००१ साली त्यांनी दिलेली मोजमापं अशी: खोली साधारण ३६ ते १०६ सेंटीमीटर, सरासरी ६५. आणि एकाही बिळात एकापेक्षा जास्त प्रौढ प्राणी नव्हता. ‘एकटा कंटाळेल, जोडीला दुसरा आणू’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. सोनेरी हॅमस्टर मोठे झाले की एका पिंजऱ्यात जीवघेणं भांडतात.

आता ईराच्या पिंजऱ्याकडे पाहा. तळाशी दोन बोटं भुसा असेल. ज्याच्या अंगात हातभर खोल जायची ओढ आहे, त्याला दोन बोटांत काय करता येणार? बर्न विद्यापीठात नेमकं हेच तपासलं गेलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात हॅमस्टरांचे तीन गट केले होते. एकाला १० सेंटीमीटर भुसा, दुसऱ्याला ४० आणि तिसऱ्याला ८०. दहा सेंटीमीटरवाले गज कितीतरी जास्त कुरतडत होते आणि चाकावरही जास्त पळत होते. ८० सेंटीमीटरवाल्यांत गज कुरतडणं अगदी कमी होतं, काहींत तर नव्हतंच. गज कुरतडणाऱ्या हॅमस्टरला आपण खट्याळ म्हणतो, दात शिवशिवत असतील म्हणतो. मला ती कोंडी झालेल्या प्राण्याची खूण वाटते आणि हा प्रयोग त्याच बाजूने बोलतो.

यावर तू म्हणशील, मुंबईच्या फ्लॅटमध्ये ८० सेंटीमीटर भुशाचा पिंजरा कुठे ठेवू? तेवढा नको. पण २५-३० सेंटीमीटर भुसा मावेल अशी काचेची जुनी मत्स्यपेटी किंवा प्लॅस्टिकचा मोठा खोका, वर हवेशीर जाळीचं झाकण, एवढं जमण्यासारखं आहे. मात्र उंचीच्या नादात लांबी-रुंदी कमी करू नकोस, तो धावतो जमिनीवरच. भुसा धूळ नसलेला आणि उग्र वास नसलेला हवा. त्यात कागदाच्या पट्ट्या आणि सुकं गवत मिसळलं की बोगदे ढासळत नाहीत. घरट्यासाठी कापूस मात्र देऊ नकोस, त्याचे तंतू पायाला गुंडाळतात आणि पोटात गेले तर आतडं अडतं. लहान पिंजऱ्याचा मुद्दा केवळ हौसेचा नाही. प्राण्याला हालचालीला पुरेशी लांबी, रुंदी, उंची नसलेल्या पिंजऱ्यात कोंडणं हे आपल्या १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमात क्रौर्यच ठरवलं आहे.

दुसरी शंका वासाची. एवढा भुसा रोज बदलायचा का? उलट, रोज बदलणं हीच मोठी चूक. हॅमस्टरची नजर अधू असते, तो जागा ओळखतो ती वासाने, आणि तो वास तो स्वतःच अंगावरच्या ग्रंथींनी तिथे लावून ठेवतो. आपण सगळा भुसा टाकून पिंजरा फिनेलने पुसला की त्याच्या लेखी घर पुसलं गेलं. बहुतेक हॅमस्टर लघवीला एकच कोपरा धरतात. तेवढाच भुसा काढावा, घरटं आणि जुना कोरडा भुसा राहू द्यावा. गालांच्या पिशव्यांतून नेऊन लपवलेले दाणेही उपसू नयेत, ओला पाला किंवा फळ तेवढं काढावं. जर्मनमध्ये साठेबाजी करण्याला या प्राण्याच्या नावावरूनच क्रियापद आहे, इतकी ती त्याच्या स्वभावाचा भाग आहे.

सगळ्यात अवघड शंका ईराची असणार. तो खोल भुशात गेला तर दिसणारच नाही, आणि हात लावला नाही तर तो कायमचा रानटी राहील. हे दुःख मला खोटं वाटत नाही. आठ वर्षांच्या मुलीला न दिसणारा प्राणी पाळायला सांगणं सोपं नाही. पण लपायला जागा असलेला प्राणीच बाहेर यायचं धाडस करतो, कारण परतीची वाट त्याला ठाऊक असते. उघड्यावर सापडलेल्या हॅमस्टरला वरून आलेला हात शिकारी पक्ष्यासारखा वाटतो आणि तो चावतो. मग मूलही घाबरतं, आणि दोघांची ओळख तिथेच संपते. म्हणून पहिला आठवडा नुसतं पाणी, दाणे आणि शांतता. त्यानंतर संध्याकाळी तो स्वतःहून जागा झाला की तळहात भुशावर सपाट ठेवायचा, त्यावर एक सूर्यफुलाचं बी. त्याने घेतलं तर घेतलं. झोपेतून उठवायचं नाही, वरून पकडायचं नाही. काही हॅमस्टर दोन आठवड्यांत हातावर येतात, काही दोन महिन्यांत, आणि एखादा कधीच येत नाही. ईराला हे आधीच सांगून ठेव.

पिंजरा टीव्ही आणि मिक्सरपासून लांब ठेव, खिडकीतल्या उन्हातही नको. मे महिन्याचा उकाडा त्याला थंडीपेक्षा जास्त बाधतो. आणि या रविवारी आणखी भुसा आण. ओतताना त्याचं जुनं घरटं तसंच्या तसं वर ठेव, म्हणजे खणायला सुरुवात तो आपल्याच वासापासून करील.

तुझा,
मामा