जड ते वर, हलकं ते खाली

दहावीच्या पुस्तकातली फेनतरणाची आकृती मला तोंडपाठ होती. तिच्यातला अर्थ मात्र मलाजखंडला उमगला. गोंदियाहून बालाघाटमार्गे तिथल्या तांब्याच्या खाणीवर मी प्रशिक्षणार्थी म्हणून गेलो आणि कॉन्सन्ट्रेटर प्लांटमध्ये माझी नेमणूक झाली.

तिथल्या खनिजात तांबं साधारण 1 टक्का. म्हणजे 100 टन दगड फोडावा तेव्हा त्यात 1 टन तांबं, तेही चॅल्कोपायराइट या सल्फाइड खनिजाच्या रूपात क्वार्ट्झमध्ये रुतलेलं. असा दगड थेट भट्टीत घालणं परवडत नाही. म्हणून आधी क्रशर, मग बॉल मिल. दगडाचं पीठ होतं आणि त्याची राखाडी स्लरी फेनतरणाच्या सेलमध्ये, म्हणजे हवा सोडून फेस आणणाऱ्या टाकीत, येते.

मला कोडं पडलं ते इथे. चॅल्कोपायराइटची घनता 4.2च्या आसपास, क्वार्ट्झची 2.65. तरी जड कण फेसावर चढतात आणि हलके खाली राहतात! सगळी किमया कणाच्या पृष्ठभागाची. स्लरीत झँथेट नावाचं रसायन अगदी थोडं घालतात. त्याच्या रेणूचं एक टोक सल्फाइडला चिकटतं, दुसरं पाण्याला दूर सारतं. असा कण हवेचा बुडबुडा भेटताच त्याला धरून वर येतो. क्वार्ट्झ ओलाच राहतो. पाइन ऑइल बुडबुड्यांना टिकाव देतं आणि चुन्याने सामू 10-11पर्यंत नेला की तांबं नसलेलं पायराइट मागे पडतं.

शिफ्टवरचे जुने ऑपरेटर, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो, मला सांगत, “साहेब, मीटर मागून बघा. पहिले फेस बघा.” फेस गडद, चकाकता असेल तर त्यावर माल चढलाय. बुडबुडे मोठे, पारदर्शक होऊन फटाफट फुटत असतील तर ते रिकामेच येताहेत. फेस फिका पडला तर सोबत क्वार्ट्झ येतोय. ते पसरट थाळीत थोडा फेस घेत, पाण्याने हलकेच धूत आणि काठाशी उरलेली पिवळसर रेघ मला दाखवत. मग तेच टेलिंगचं, म्हणजे शेवटी टाकून द्यायच्या गाळाचं. तिथे ती रेघ दिसली की लगेच झँथेटचा डोस तपासायचा, हवा तपासायची, दळण जाडं राहिलंय का ते बघायचं.

एकदा फेस आला की काम संपत नाही. रफरमधला माल क्लीनरमध्ये पुन्हा तरंगवतात, उरलेल्या स्लरीतलं तांबं स्कॅव्हेंजरमध्ये वेचतात. शेवटी हाती येतं ते साधारण 25 टक्के तांब्याचं कॉन्सन्ट्रेट.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकाऊ ठरलेल्या टेलिंगच्या ढिगाऱ्यांमधून याच तंत्राने जस्त काढलं गेलं. माझ्या मते आज या तंत्राची गरज तेव्हाहून मोठी आहे. विजेच्या कितीतरी तारांना तांबं लागतं आणि समृद्ध खनिज संपत चाललंय. टेलिंगमध्ये निसटलेल्या प्रत्येक किलोसाठी आणखी डोंगर फोडावा लागतो, आणखी पाणी, आणखी वीज लागते. म्हणून सेलपाशी उभा राहून फेस वाचणारा माणूस मला खाणीतला सर्वांत मोठा बचतदार वाटतो.