बोहारणींच्या बाजारात साडीचा हिशेब

दिल्ली म्हटली की लाल किल्ला, कुतुबमिनार आणि करोल बागेतील खरेदी डोळ्यांसमोर येते. पश्चिम दिल्लीतील रघुवीर नगरची घोडा मंडी मात्र सहसा कोणी पाहायला जात नाही. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण आपल्या ओळखीची. तिच्या दिल्लीतील भगिनींचा हा बाजार! मूळच्या गुजरातच्या वाघरी समाजातील या बायका दिवसभर वसाहतींतून फिरतात, स्टीलच्या भांड्यांच्या बदल्यात कपडे गोळा करतात आणि उजाडण्यापूर्वीच येथे ते विकायला बसतात.

येथून कपड्यांना अनेक वाटा फुटतात. चांगले शर्ट धुऊन, इस्त्री करून पुन्हा विकले जातात. जरीच्या साड्यांचे काठ-पदर कापून अभ्रे व भिंतीवरचे पडदे शिवतात. जनपथवर गुजराती बायका असेच तुकडेकाम मांडून बसलेल्या दिसतात. पानिपतचे कारखाने जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या करून पुन्हा सूत काततात व त्याची ब्लँकेटे विणतात. हे पानिपतही आता राजधानी क्षेत्रातच मोडते.

ढिगाऱ्यात एखादी जुनी रेशमी साडी दिसली की कोणीही म्हणेल, "तेव्हा काय स्वस्ताई होती!" पण खरेच होती का?

सरकारी नोकरांचा महागाई भत्ता ज्यावरून ठरतो, त्या औद्योगिक कामगारांच्या किंमत निर्देशांकाने हिशेब करून पाहू. १९६० साली ज्या घरखर्चाला १ रुपया लागे, त्याला २०१६ मध्ये सुमारे ६५ आणि २०२५ मध्ये सुमारे ९५ रुपये लागू लागले. म्हणजे १९६० साली कुणी ६० रुपयांची साडी घेतली असेल, तर ती आजच्या पैशांत जवळजवळ ५,७०० रुपयांची झाली! ३०० रुपयांचा शालू म्हणजे साडेअठ्ठावीस हजार. १९८२ साली घेतलेल्या साडीची किंमत अशीच साधारण १९ पटींनी वाढवावी.

आता उलटा हिशेब करा. सरोजिनी नगरच्या बाजारात निर्यातीतून उरलेला टॉप आज २०० रुपयांना सहज मिळतो. १९६०च्या पैशांत तो जेमतेम २ रुपयांचा! म्हणजे स्वस्ताई तेव्हा नव्हती, आज आहे. म्हणूनच आजी लुगडे विरले तरी त्याची गोधडी शिवत असे आणि आपण चार धुण्यांनंतर टॉप बोहारणीला देऊन मोकळ्या होतो.

खऱ्या जरीचा हिशेब मात्र वेगळा. तिच्यात चांदीची तार असते, तिला सोन्याचा मुलामा असतो. १९६० साली १० ग्रॅम सोने सुमारे ११२ रुपयांना मिळे. २०२५ मध्ये त्याने लाखाचा टप्पा ओलांडला. घरखर्च ९५ पट वाढला, सोने जवळजवळ ९०० पट!

तेव्हा कपाट आवरताना आई-आजीची साडी हाती लागली, तर ती कधी व केवढ्याला घेतली हे घरातील वडीलधाऱ्यांना आधी विचारा आणि वरच्या हिशेबाने गुणाकार करा. जरी खरी असेल तर जाणकाराला दाखवा. त्यानंतरही द्यावीशी वाटली, तर खुशाल द्या. पण एका पातेल्याच्या बदल्यात आपण काय देतो आहोत, हे ठाऊक असलेले बरे!