बंद दारामागचे पंधरा दिवस

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, असं नांदेड-लातूरकडे अजून सांगतात. त्यात तथ्य आहे. बोक्याचा सुगावा लागला किंवा माणसांची वर्दळ वाढली, की भाटी एकेक पिल्लू तोंडात धरून नवा आडोसा गाठते. त्यामुळे जिन्याखाली ओरडणारं पिल्लू दर वेळी पोरकं नसतं. आई त्याच्या भावंडाला पोचवायला गेलेली असते. पिल्लू कोरडं, उबदार असेल आणि आसपास कुत्री नसतील, तर लांबूनच तीन-चार तास नजर ठेवावी.

आई आलीच नाही तर त्याला घरात घ्यावं लागतं, आणि पहिली वाटी पुढे येते ती गाईच्या दुधाची. देवणी आणि लाल कंधारी गाईंच्या या मुलखात दुधाला नाही म्हणणं लोकांना रुचत नाही. पण मांजरीच्या दुधाच्या मानाने गाईच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश कमी असतात. पिल्लाला हगवण लागते आणि दोन-अडीचशे ग्रॅमचा जीव दिवसभरात सुकून जातो. त्याला मांजराच्या पिल्लांसाठीची दूधभुकटीच द्यावी. तीही आधी अंगात ऊब आल्यावर, पोटावर ठेवून. उताणं धरलं तर दूध फुफ्फुसात जातं. तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला लघवीही आपणहून होत नाही. आई चाटते, तसं पाजल्यावर ओल्या कापसाने हलकं पुसावं लागतं.

घरात आधीपासून मांजर असेल, तर नव्या पिल्लाला एक वेगळी खोली हवी. वेगळी खोली नसेल तर न्हाणीघर चालेल, पण दार बंद आणि भांडी, वाळूचं घमेलं वेगळं. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या आजाराचा विषाणू बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या पिल्लाबरोबरही घरात येतो आणि फरशीच्या फटींत वर्षभर तग धरतो. लोक फिनेल ओततात. ते यावर भरवशाचं नाही, शिवाय मांजराला विषारी आहे. कपड्यांचं ब्लीच पातळ करून फरशी पुसावी, नंतर साध्या पाण्याने धुवावी. पंधरा दिवस असे गेले, की पशुवैद्याला दाखवून जंताचं औषध आणि आठ आठवड्यांपासून लसी. पिसवा दिसल्या म्हणून कुत्र्याच्या मानेवर सोडायचं पर्मेथ्रिनचं औषध लावू नये. पिल्लू झटके येऊन दगावतं.

कुत्र्याचा प्रश्न लातूरकडे जास्त नाजूक. चाकूर तालुक्यातलं जानवळ कारवान कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. सशामागे धावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेलं हे जनावर नाकापेक्षा डोळ्यांनी शिकार करतं. पळणारं काही लहानसं दिसलं, की ते झेपावतं. त्यात राग नसतो, दुष्टपणाही नसतो. म्हणूनच पिल्लू हातात धरून त्याच्या तोंडासमोर नेण्याचा जो प्रकार घरोघरी कौतुकाने होतो, तो मला सर्वांत धोक्याचा वाटतो. पिल्लू दचकून उडी मारतं आणि पुढचं आवरायला माणसाचा हात पुरत नाही.

ओळख वासाने सुरू करावी. नांदेडच्या एका घरात म्हातारी मांजर आणि कारवान, दोघंही होते. मी सांगितल्यावरून त्या घरच्या बाईंनी पिल्लाच्या अंथरुणाचं फडकं रोज कुत्र्याच्या जागेपाशी आणि मांजरीच्या ताटलीशेजारी ठेवलं. पहिले तीन दिवस मांजर त्या फडक्यावर फिस्कारली, जेवलीही नाही. बाईंनी ताटली दोन हात मागे घेतली, रोज वीतभर पुढे सरकवली. तिसऱ्या आठवड्यात दाराला जाळी लावली. कुत्रा साखळीवर, पोट भरलेलं, फिरून दमलेला. तो पिल्लाकडे टक लावून ताठ झाला, की त्याला हाक मारायची. मान वळवली, की उकडलेल्या अंड्याचा तुकडा.

दोन महिन्यांनी मी गेलो, तेव्हा म्हातारी मांजर कपाटावर होती, पिल्लू तिच्या खालच्या फळीवर. एकमेकींना चाटण्याइतकी जवळीक झाली नव्हती. कुत्रा उंबऱ्याशी झोपला होता, साखळीवरच. बाई घराबाहेर पडताना पिल्लाच्या खोलीचं दार अजूनही लावून घेत होत्या.